तीन दोऱ्यांचा तंबू

१

गुरुवारी सकाळी लिनेट हॉकिंग घोडी फिरवायला आली नाही, आणि न्याहारीची भांडी विसळून व्हायच्या आत अख्ख्या ब्रोकन हिलचं एकमत झालं, की आयडा पास्कोनंच पोरीला पळवून लावलं.

एकमत व्हायला आमच्या गावाला पुरावा लागत नाही, पण या वेळी पुरावाही होता. लिनेटच्या उशीवर एक कागद पडला होता. त्यावर जन्मपत्रिकेचं गोल चक्र होतं, त्यात मंगळ, शनी आणि सूर्य यांना जोडणाऱ्या तीन लाल रेघा होत्या, आणि खाली मोठ्या सुट्या अक्षरांत लिहिलं होतं: 'आजवर तुझी पत्रिका चुकीची काढली होती. मंगळ थेट तुझ्या उगवत्या क्षितिजावर आहे. शनिवारी तो पुन्हा तिथंच येतोय. घोड्यावर बसू नकोस.' सही नव्हती. पण तीस वर्षं गावातल्या प्रत्येक पोराचं चक्र आयडानंच काढलेलं, त्यामुळे सहीची गरज कुणाला वाटली नाही.

शनिवारी चांदीच्या कपाची शर्यत होती. त्या शर्यतीत आजवर एकही बाई उतरली नव्हती. या वर्षी, म्हणजे १९८० साली, लिनेट पहिली असणार होती. तिची घोडी गॅलेना सकाळच्या सरावात सगळ्यांना धूळ चारत होती. आता घोडीच्या मालकानं सांगून टाकलं होतं, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पोरगी आली नाही, तर दुसरा स्वार चढवणार.

मी एडिथ कॅल्डर. या गावच्या शाळेत मी हयात घालवली. पंचेचाळिशीच्या आतला इथला प्रत्येक माणूस माझ्या वर्गात कधी ना कधी अंगठे धरून उभा राहिलेला आहे. तरी मी 'इथली' नाही. इथं जन्मला तो अ गट. बाहेरून येऊन इथंच म्हातारा झाला तो ब गट, तोही दया म्हणून. उरलेलं सगळं जग म्हणजे 'बाहेरचे'. मी ब गटात आहे, आणि माझ्या थडग्यावरही तसंच लिहितील असा माझा अंदाज आहे.

ग्रहताऱ्यांवर माझा काडीचाही विश्वास नाही. आयडा मात्र माझी मैत्रीण आहे. मी तिच्या घरी पोचले तेव्हा ती पेटी भरत होती.

"कुठं निघालीस?"

"ॲडलेडला, बहिणीकडे. सकाळी शर्यतीच्या कमिटीचे दोघं येऊन गेले. मैदानावरचा माझा तंबू उतरवा म्हणाले. लोक दगड मारतील म्हणे."

"तू लिहिलंस का ते?"

तिनं हातातला मोजा माझ्या अंगावर फेकला. "एडिथ, इतक्या वर्षांत मी एका तरी माणसाला घाबरवलंय का गं?"

"मला घाबरवलंस. माझा स्वभाव कधी बदलणार नाही म्हणालीस."

"ते खरंच होतं!" ती खाली बसली. डोळे भरून आले होते. "पोर मला आत्या म्हणते. तिचा बाप खाणीत दगावला तेव्हा माझ्या कुशीत झोपली होती ती. आणि गाव म्हणतंय, मी तिला..." तिनं नाक पुसलं आणि कमिटीवाल्यांनी तोंडावर फेकलेला तो कागद माझ्यासमोर आपटला. "हे चक्र माझं नाही. पण कुणाचं ते मला माहीत आहे. म्हणजे तिघांपैकी एकाचं."

२

आयडाच्या बुधवारच्या ज्योतिषवर्गात तीन विद्यार्थी होते. डल्सी मॅग्वायर, कोपऱ्यावरच्या दारूच्या हॉटेलाची मालकीण. नेव्हिल ऑर्चर्ड, बँकेतला तरुण, सिडनीहून बदलून आलेला. आणि क्लॅरी ट्रेलोअर, शर्यतीसाठी घोडे तयार करणारा. त्याचा घोडा कर्नल हाही शनिवारी पळणार होता. आयडाला सोडून या गावात अशी चक्रं काढता येणारे एवढेच लोक. अक्षरही तिनंच तिघांना शिकवलेलं, मोठं आणि सुटं, त्यामुळे त्यावरून काही कळायला मार्ग नव्हता.

तिनं कपाटातून लिनेटचं जुनं चक्र काढलं आणि नव्याशेजारी ठेवलं. दोन्हींवर तारीख एकच, वेळही एकच, दुपारी बारा.

"मग फरक कशात?"

"घड्याळात. आपण नकाशावर सिडनीच्या राज्यात, पण घड्याळ चालवतो ॲडलेडचं. सिडनी आपल्या अर्धा तास पुढं. हा कागद काढणाऱ्यानं सिडनीचे बारा धरलेत. अर्ध्या तासात क्षितिज चांगलं सात अंश सरकतं. माझ्या चक्रात मंगळ क्षितिज सोडून वर चढलाय. यात बघ, बरोबर उंबरठ्यावर बसलाय."

"आणि या लाल रेघा?"

"त्या दोन्हीकडे सारख्याच. मंगळ आणि शनी समोरासमोर, त्यांची प्रतियुती. सूर्य दोघांच्या मधोमध, दोघांशी केंद्रयोग. मी त्याला तीन दोऱ्यांचा तंबू म्हणते."

"वाईट असतं ते?"

"वाईट काही नसतं गं, ताण असतो. ताणाशिवाय तंबू उभा राहतो का? लोकांना लाल रेघा दिसल्या की त्यांची पाचावर धारण बसते. अगं, सगळं गोडगोड असलेली पत्रिका म्हणजे दोऱ्याच नसलेलं कापड. अशी माणसं आयुष्यभर घडी घालून पडून राहतात." ती जरा खुलली. आपल्या विषयावर आली की आयडाचं रडू थांबतं. "फक्त एक असतं. तीन दोऱ्या ताठ आणि चौथा कोपरा रिकामा. तिथं ग्रह नाही, तिथं माणसानं स्वतः खुंटी ठोकायची. लिनेटचा रिकामा कोपरा खालचा, चौथ्या घरातला. आई, घर, जन्मगाव. आता ते तिचं किती भक्कम! अ गटातली, आईची लाडकी. म्हणून मी तिला नेहमी सांगायची, मंगळ तुझा वर चढून गेलाय, तुला शिवत नाही, घर तुझं पक्कं आहे, बिनधास्त पळव घोडी."

म्हणजे कागद लिहिणाऱ्यानं नेमकी तीच भिंत पाडली होती. मंगळ चढून गेलेला नाही, तुझ्यावरच बसलाय, आयडाचीच चूक झाली होती. पोरगी हादरली नसती तरच नवल.

"बाराची वेळ तरी नक्की का?"

"नक्की म्हणजे? तिची आई बेरिल दर वाढदिवसाला तीच गोष्ट सांगते. रविवारची मटणाची तंगडी भट्टीत होती, खाणीचा बाराचा भोंगा झाला, आणि पोरीनं भोंग्याच्या वरताण सूर लावला. गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे."

मी टोपी घातली. सिडनीचं घड्याळ नकळत धरणारा माणूस सिडनीचाच असणार, यात रहस्य कसलं? जेवायच्या आधी प्रकरण मिटेल असं मला वाटलं. मी अशी घाईघाईनं गणितं सोडवते म्हणूनच मला कधी गणिताचा वर्ग दिला नव्हता.

३

नेव्हिल बँकेच्या मागच्या खोलीत डबा खात होता. मी कागद त्याच्यापुढे धरला. त्याचा चेहरा एकदम पांढरा पडला.

"लिनेटनं घोड्यावर बसू नये असं तुला वाटतं की नाही?" मी विचारलं.

"वाटतं," तो म्हणाला. "मी तिला तसं सांगितलंही होतं. लग्न कर माझ्याशी आणि हे घोडे सोड, म्हणालो."

"मग?"

"ती म्हणाली, तुझ्यापेक्षा घोडी बरी, निदान खिंकाळते तरी."

मला हसू आवरेना. तो बिचारा सँडविचकडे बघत बसला. मी मुद्द्यावर आले. "नेव्हिल, हे चक्र सिडनीच्या घड्याळानं काढलंय. आणि सिडनीचा तू एकटाच आहेस."

त्यानं माझ्या डोक्याच्या वर बोट दाखवलं. मी वळून पाहिलं. भिंतीवर दोन घड्याळं शेजारी शेजारी होती. एकाखाली 'सिडनी', दुसऱ्याखाली 'इथं'.

"कॅल्डर बाई, मी आलो त्या पहिल्या सोमवारी बँक अर्धा तास आधी उघडली आणि बाहेर उभा राहून गिऱ्हाइकांची वाट बघत बसलो. गल्लीतला कसाई मला आजही 'पहाटे' म्हणून हाक मारतो. त्यानंतर मी कानाला खडा लावला. या गावात दुसरं काहीही विसरेन, अर्धा तास नाही विसरणार."

त्याच्या वर्गाच्या वहीत पानोपानी वर लाल शाईनं लिहिलं होतं: अर्धा तास! खरं सांगायचं तर इथल्या कुणालाही इतकं भान नसतं. माझा बिनचूक अंदाज भिंतीवरच्या दोन घड्याळांनी पाडला.

डल्सीकडे जाऊन काही फायदा होणार नाही हे मला ठाऊक होतं, तरी गेले. ती पेले पुसत होती आणि संतापली होती.

"बाई, त्या पोरीवर अर्ध्या गावानं पैज लावलीय, माझ्या नवऱ्यानंही लावलीय! मी कशाला पळवू तिला?"

"मला एक चक्र काढून दाखव."

तिनं जीभ बाहेर काढून, चौथीत काढायची तशीच, बराच वेळ खाडाखोड केली. शेवटी तिनं काढलेल्या चक्रात भर दुपारी जन्मलेल्या माणसाचा सूर्य जमिनीखाली गेला होता. तिला मधूनच आठवायचं, की आपण पृथ्वीच्या दक्षिणेला राहतो, मग ती सगळं उलटं करायची, आणि मग उलट्याचं उलटं. ज्यानं हा कागद काढला त्याचा हात सरावलेला होता.

"आलं का बरोबर?" तिनं आशेनं विचारलं.

"प्रगती आहे," मी म्हणाले. इतक्या वर्षांच्या सवयीनं तोंडातून तेच निघतं.

राहिला क्लॅरी. कर्नलचा मालक. लिनेट नसली तर शर्यत त्याच्या खिशात.

४

क्लॅरी तबेल्यात कर्नलच्या पायाला पट्ट्या बांधत होता. मला बघताच त्यानं तोंडातली सिगारेट पाठीमागं लपवली. बेचाळीस वर्षांचा बाप्या!

"लपवू नकोस, धूर येतोय. चौथीत खडू खाल्लास तेव्हाही असाच बघत होतास."

"बाई, मी नाही काही केलं."

"मी अजून विचारलंच नाही."

तो ओशाळून हसला. क्लॅरी वाईट मुलगा कधीच नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. वर्गात कुणाचं नाव न सांगणारा तो एकटा. छड्या खायचा, पण तोंड उघडायचा नाही.

"लिनेटबद्दल काय वाटतं तुला?"

"लिनेट? जन्मली त्या दिवसापासून बघतोय तिला. आवाज केवढा! अशी पोर घोड्यावर बसली की मला धडकीच भरते." त्यानं पट्टी आवळली. "पण आयडाबाईंनी सांगितलंय म्हटल्यावर आपण काय बोलणार?"

तबेल्याच्या दारांवर शिंगरांची चक्रं खडूनं काढलेली होती. क्लॅरी घोड्यांच्या पत्रिका काढायला वर्ग शिकतो हे गावाला माहीत आहे, आणि त्यावरून त्याची टिंगलही होते. चक्रं मात्र देखणी होती. एक रेघ वाकडी नाही.

"क्लॅरी, घड्याळ कुठलं धरतोस?"

"जिथं जन्म तिथलं, बाई. हे बघा, हा इथं जन्मला, म्हणून आपलं घड्याळ. ही शिंगी मेनिंडीला जन्मली, नदीकाठी. तिथं सिडनीचं चालतं, म्हणून सिडनीचं." तो छाती फुगवून म्हणाला, "दोन्ही घड्याळं येतात मला. मी नाही चुकणार."

ते मला पटलं. मी घरी आले ती हात हलवत. नेव्हिल अर्धा तास कधी विसरत नाही. डल्सीला चक्रच येत नाही. क्लॅरी दोन्ही घड्याळं कोळून प्यायलाय. ही चूक करू शकेल असा एकही माणूस गावात नव्हता, आणि चूक तर माझ्या टेबलावर पडली होती.

५

शुक्रवारी दुपारी मी आयडाकडे बसले होते. तिची पेटी दारात तयार होती. मी खिमा भरलेली पेस्टी चिवडत होते, ती चक्राकडे बघून उसासे टाकत होती. तेवढ्यात खाणीचा बाराचा भोंगा झाला. खिडकीच्या काचा रोजच्यासारख्या थरथरल्या, आणि माझा हात तोंडाशीच थांबला.

"आयडा, लिनेट कुठल्या वारी जन्मली?"

"रविवारी. सांगितलं ना, रविवारची तंगडी..."

"रविवारी भोंगा होतो?"

रविवारी खाण बंद असते. रविवारी ब्रोकन हिलमध्ये पाद्र्याखेरीज कुणी आवाज करत नाही. दर वाढदिवसाला सगळं गाव ती गोष्ट टाळ्या वाजवून ऐकत आलंय, आणि माझ्यासकट कुणाच्या डोक्यात हे आलं नाही.

"म्हणजे बाराची वेळ खोटी?" आयडा म्हणाली.

"वेळ खरी असेल. भोंगा खोटा आहे. भोंगा कशाला घालावा लागला गोष्टीत? पोर इथंच जन्मली हे ठसवायला. आपण काल दिवसभर शोधत होतो की ही चूक कोण करेल. तिघांपैकी कुणीच करणार नाही. मग ती चूक नसेलच तर?"

"एडिथ!"

"माझा तुझ्या ग्रहांवर विश्वास नाही, तरी ऐक. तुझं चक्र चुकीचं आहे. हे बरोबर आहे. लिनेट जिथं जन्मली तिथं सिडनीचं घड्याळ चालतं."

आयडा इतक्या जोरात उठली की खुर्ची पडली.

बेरिल हॉकिंग अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती. मी फाटकातूनच विचारलं, "बेरिल, रविवारी भोंगा कसा झाला गं?"

दाण्यांचं भांडं तिच्या हातातून पडलं. सगळ्या कोंबड्या त्यावर तुटून पडल्या, आणि बेरिल तिथंच पायरीवर बसली.

"बाई, बावीस वर्षं कुणी विचारलं नाही," ती म्हणाली. "मला वाटायला लागलं होतं, खरंच झाला होता भोंगा."

मग तिनं सगळं सांगितलं. नवऱ्याशी, जॅकशी, कडाक्याचं भांडण झालं होतं. नववा महिना असताना ती घर सोडून निघाली, फळं आणायला नदीकडे जाणाऱ्या एका लॉरीत बसून. मेनिंडीहून सिडनीची गाडी पकडायची आणि परत तोंड दाखवायचं नाही. स्टेशनवर पोचली आणि कळा सुरू झाल्या. तिथल्या बाकावर, स्टेशनमास्तरच्या बायकोच्या हातात लिनेट जन्मली. समोर घड्याळात बारा वाजले होते. पोरीचं तोंड बघितलं आणि बेरिलचा राग विरघळला. त्याच लॉरीत, कलिंगडांमध्ये बसून ती रात्री परत आली.

"जॅकनं एक शब्द विचारला नाही. पोरीला घेतलं आणि रडला. मग मी गावाला काय सांगू? नवऱ्याला टाकून निघाले होते म्हणून? आणि पोर मेनिंडीची म्हटलं की जन्मभर बाहेरची. माझी चूक, आणि शिक्षा तिला?"

"लॉरी कोण चालवत होतं?"

"ते नाही सांगणार. त्यानं शपथ पाळलीय, मीही पाळणार."

"नको सांगूस," मी म्हणाले. वर्गात कुणाचं नाव न सांगणारा एकच मुलगा होता. जन्मली त्या दिवसापासून तिचा आवाज ऐकलेला.

६

"तोंडानं नाही फोडलंस क्लॅरी," मी म्हणाले. "पेन्सिलीनं फोडलंस."

तबेल्यात आम्ही तिघी उभ्या होतो. क्लॅरीनं बेरिलकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"मी कुणाला सांगितलं नाही, बेरिल. आईशप्पथ. वर्गात सहज तिचं चक्र काढून बघितलं, खऱ्या घड्याळानं. मंगळ थेट क्षितिजावर आला. माझी झोप उडाली, म्हणून खिडकीतून तिच्या उशीवर कागद टाकला. वाटलं, पोरगी मरेल."

"आणि कर्नल जिंकेल," मी म्हणाले.

त्यानं कर्नलची पट्टी सोडून पुन्हा बांधली. "तेही वाटलं," तो शेवटी म्हणाला. "आधी पहिलं वाटलं. मग दुसरं. मग दोन्ही एकच वाटायला लागलं."

"आणि माझं काय रे?" आयडा पुढं झाली. एवढीशी बाई, पण क्लॅरी दोन पावलं मागं सरला. "मी तुला रेघ मारायला शिकवलं, वाचायला शिकवणार, तोवर तू निघालास लोकांचं मरण सांगायला! क्षितिजावरचा मंगळ म्हणजे मरण? गाढवा, त्याला हिंमत म्हणतात!"

लिनेट कुठं होती ते बेरिलला पहिल्यापासून ठाऊक होतं. शेजारच्या सिल्व्हरटनला, नणंदेकडे. शर्यत संपेपर्यंत तिथंच राहा असं तिनंच सांगितलं होतं. भीती तिलाही होती, आणि कागद खरा निघाला याची तर जास्तच. आम्ही क्लॅरीच्याच गाडीत बसलो. सूर्य कलला होता, आणि मालकाची मुदत संध्याकाळपर्यंतच होती.

लिनेट ओसरीवर गुडघ्यात डोकं घालून बसली होती. आयडाला बघून ती उठली नाही.

"आत्या, तू आजवर मला खोटं सांगितलंस?"

"नाही बाळा. मला खोटं सांगितलं गेलं," आयडा म्हणाली, आणि बेरिलकडे वळून बघितलं. तिनं एवढंच केलं. पुढचं बेरिलनं स्वतः सांगायचं होतं, आणि एक क्षण मला वाटलं ती सांगणार नाही.

तिनं सांगितलं. भांडण, लॉरी, बाक, कलिंगडं, सगळं. लिनेट ऐकत राहिली.

"म्हणजे मी बाहेरची?"

"हो," बेरिल रडत म्हणाली. "माझ्यामुळे."

"आणि बाबांना माहीत होतं?"

"बाबांनी तुला हातात घेतलं आणि म्हणाले, ही परत आली, बास."

आयडानं तो कागद जमिनीवर पसरला. "आता माझं ऐक. हेच तुझं खरं चक्र. मंगळ उंबरठ्यावर, शनी समोर, सूर्य डोक्यावर. तीन दोऱ्या अशा ताठ, की मी गावात कुणाच्या पाहिल्या नाहीत. रिकामा कोपरा एकच, चौथा. आईचा आणि जन्मगावाचा. इतकी वर्षं मला वाटायचं तिथं खुंटी आहे. नव्हती. म्हणून तू दर शर्यतीआधी माझ्याकडे येऊन विचारायचीस, आत्या, पडणार नाही ना मी? आज तुझ्या आईनं ती खुंटी ठोकली. आता वारा सुटू दे कितीही."

लिनेटनं कागद उचलला, नीट बघितला आणि क्लॅरीकडे वळली.

"कर्नल उजव्या वळणावर बाहेर जातो ना अजून?"

"जातो," क्लॅरी पुटपुटला.

"मग उद्या माझी पाठ बघ तू. गाडी काढ."

७

शनिवारी मैदानावर लाल धुळीचं वादळ आलं. बिअरचा मंडप उडाला, केकचा मंडप उडाला, कमिटीचा मंडप तर घोड्यांच्या आधी शर्यत पळाला. आयडाचा तंबू उभा होता. त्याची चौथी खुंटी भुसभुशीत जमिनीत टिकेना, म्हणून मी ती दोरी क्लॅरीच्या हातात दिली होती. येणारा जाणारा विचारायचा, "काय रे क्लॅरी, इथं कशाला?" आणि माझ्या शिक्षेप्रमाणे त्याला दर वेळी मोठ्यानं सांगावं लागायचं, "तो कागद मी लिहिला होता. आयडाबाईंनी नाही." दुपारपर्यंत त्याचा घसा बसला. कमिटीचे दोघं टोप्या हातात घेऊन माफी मागायला आले, तेव्हा आयडानं त्यांना रांगेत उभं केलं. रांग लांब होती.

शर्यत मी वर्णन करणार नाही, मला घोड्यांतलं कळत नाही. एवढंच दिसलं, की धुळीतून आधी कर्नल बाहेर आला, आणि उजव्या वळणावर तो नेहमीसारखा बाहेर गेला. आतल्या बाजूनं एक राखी रंगाची घोडी घुसली. तिच्यावर बसलेली पोरगी भोंग्याच्या वरताण ओरडत होती. अंतिम खांबाशी दोघांत इतकं अंतर होतं, की मधे माझा अख्खा वर्ग उभा राहिला असता. नेव्हिल कठड्यावर चढून सगळ्यात जास्त ओरडत होता.

"चांदीचा कप," कर्ण्यातून आवाज आला, "गॅलेना! स्वार लिनेट हॉकिंग, ब्रोकन हिल!"

"मेनिंडी!"

गर्दी वळली. बेरिल नेव्हिलच्या शेजारी कठड्यावर उभी होती. तिची टोपी उडाली होती आणि तोंड धुळीनं लाल झालं होतं.

"मेनिंडी म्हणा! मेनिंडीच्या स्टेशनवर जन्मलीय माझी पोर! मी घर सोडून निघाले होते आणि हिनं मला परत आणलं!"

वर गेलेल्या टोप्या हवेतच थांबल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "च्यायला, म्हणजे कप बाहेरच्यांनी नेला?"

"नेला तर नेला!" डल्सी गरजली. "आज आपल्यातल्या एकाला तरी जमला का? हुर्रे म्हण, मेल्या!"

आणि गावानं असा हुर्रे केला, की खाणीत सुट्टीच्या दिवशी कुणी असतं तर तेही वर आलं असतं. लिनेट घोडीवरून उतरली ती थेट आईकडे धावली. बेरिलनं तिला कठड्यावरूनच मिठी मारली, आणि दोघी मिळून खाली धुळीत पडल्या आणि तिथंच बसून हसत राहिल्या.

संध्याकाळी तंबूत आम्ही त्या कपातून बिअर पीत होतो. क्लॅरी अजून दोरी धरून उभा होता, कारण सोड म्हणायला मी विसरले होते. लिनेट माझ्या शेजारी येऊन बसली आणि तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं.

"कॅल्डर बाई, ब गटात यायला किती वर्षं लागतात?"

"मला तीस लागली."

"मग मला थोडी जागा करून ठेवा," ती म्हणाली आणि कप माझ्या हातात दिला.